कार्यक्रमाला आपण का जातो, आणि मजा किती येते?



मागच्या पाठात आपण अंतर्गत कर्जाचा हिशोब शिकलो. आजचा पाठही हिशोबाचाच आहे, पण पैशाचा नाही. विसर्जनाची मिरवणूक, जत्रा, येळवस, ८ मार्चचा मेळावा, संक्रांतीचं हळदीकुंकू, या सगळ्यांना आपण जातो. वेळ देतो, वर्गणी देतो, पोळ्या लाटतो. त्या बदल्यात आपल्याला काय मिळतं, हे मात्र कुठल्याच वहीत लिहिलेलं नसतं. ते आज बघू.

पुढं वाचण्याआधी एक करा. तुम्ही शेवटी ज्या कार्यक्रमाला गेला होता, तो आठवा. आता स्वतःला दोन प्रश्न विचारा. पहिला, मी का गेले? दुसरा, मला मजा किती आली? उत्तरं मनातच ठेवा, पाठ संपेपर्यंत लागतील.

माझी चूक

आधी माझीच गोष्ट सांगते. मी नवीन नोकरीला लागले तेव्हा आमच्याकडे ८ मार्चचा मेळावा ठरला. मी गटागटात निरोप दिला की प्रत्येकीनं यायचंच, जी येणार नाही तिला गटाच्या नियमाप्रमाणं दंड. मंडप भरला. पाहुणे दोन तास उशिरा आले. तोवर बायका उन्हात बसून राहिल्या. पाहुणे आल्यावर सत्कार झाले, भाषणं झाली. मागच्या रांगेतल्या लेकरांना भूक लागली, पिण्याचं पाणी संपलं. चार वाजता गटांची गाणी होणार होती, पण तेवढ्यात जीप निघाल्या आणि निम्मा मंडप रिकामा झाला. मी अहवालात लिहिलं, "कार्यक्रम मोठ्या उत्साहात पार पडला. उपस्थिती शंभर टक्के."

पुढच्या बैठकीत मी तो अहवाल वाचून दाखवला. एक आक्का म्हणाल्या, "मॅडम, उत्साह कुणाला आला व्हता? आमाला तर दंडाची भीती आली व्हती."

सगळ्या हसल्या. मीही हसले, पण घरी जाताना तेच वाक्य डोक्यात होतं. मी हजेरी मोजली आणि तिलाच आनंद समजले. आपल्या या पाठाचा मुद्दा इथंच आहे: येणं वेगळं आणि आवडणं वेगळं. दोन्ही वेगवेगळं विचारायचं.

आपण का जातो?

त्यानंतर मी ज्या ज्या गटात बसले, तिथं हा प्रश्न विचारत गेले. बायकांनी दिलेली कारणं अशी होती:

– देवासाठी. नवस आहे, पालखीला खांदा द्यायचाय, दर्शन घ्यायचंय.
– व्यवहार म्हणून. त्या आपल्याकडं आल्या होत्या, आपण नाही गेलो तर बरं दिसत नाही.
– घराबाहेर पडायला मिळतं म्हणून. "जत्रेला चालले" म्हटलं की कुणी अडवत नाही.
– माणसं भेटतात म्हणून. बहीण, माहेरची मैत्रीण, दुसऱ्या गावात दिलेली लेक.
– लेकरांसाठी. पाळणा, रेवड्या, फुगा.
– सांगितलं म्हणून. हजेरी, दंड, फोटो.

यातलं कुठलंच कारण हलकं नाही. "घराबाहेर पडायला मिळतं" हे कारण सांगताना बायका लाजतात, पण मला ते फार खरं वाटतं. वर्षभर घर, रान, विहीर इतकाच रस्ता असलेल्या बाईला जत्रा हीच सुट्टी असते.

सार्वजनिक सणाची सुरुवात पाहिली तरी हेच दिसतं. घरातला गणपती चौकात आला, त्याला १८९३ सालापासून लोकमान्य टिळकांनी जोर दिला. इंग्रजांच्या राज्यात लोकांना एकत्र जमायला कारण हवं होतं, ते गणपतीनं दिलं. म्हणजे देव हे एक कारण होतं आणि एकत्र येणं हे दुसरं. आजही दोन्ही आहेत.

फक्त शेवटचं कारण, "सांगितलं म्हणून", वेगळं आहे. आधीच्या पाच कारणांत बाई स्वतः काहीतरी घ्यायला आलेली असते. शेवटच्यात ती फक्त आकडा वाढवायला आलेली असते.

मजा कशावर ठरते?

आपल्याला वाटतं की मोठा मंडप, मोठा पाहुणा, मोठा आवाज असला की मजा जास्त येते. तसं नसतं. याचा एक चांगला अभ्यास आपल्या देशातच झालेला आहे.

प्रयागराजला दरवर्षी माघ मेळा भरतो. तिथं कल्पवासी म्हणून लोक येतात. ते महिनाभर नदीकाठी तंबूत राहतात. कडाक्याची थंडी, गार पाण्यात स्नान, गर्दी आणि रात्रंदिवस भोंग्यांचा आवाज. आपल्याला वाटेल, म्हातारी माणसं आजारीच पडत असतील. भारतातल्या आणि बाहेरच्या संशोधकांनी चारशेहून जास्त कल्पवाशांना मेळ्याआधी आणि मेळ्यानंतर विचारलं की तब्येत कशी आहे, मन कसं आहे. त्यांच्याच भागातल्या, मेळ्याला न गेलेल्या लोकांनाही तेच विचारलं. २०१२ साली हा अभ्यास छापून आला. मेळ्याला जाऊन आलेल्यांनी न गेलेल्यांपेक्षा आपल्याला जास्त बरं वाटतंय असं सांगितलं.

का? त्याच लोकांनी पुढं केलेल्या अभ्यासात कारण सापडलं. ज्यांना वाटलं की "इथली माणसं माझीच आहेत, अडचण आली तर धावून येतील", त्यांना जास्त बरं वाटत होतं. सोयी कमी होत्या, पण आपलेपणा होता.

आवाजाचंही गंमतशीर आहे. त्यांनी लोकांना एकच गोंगाट ऐकवला. काहींना सांगितलं की हा मेळ्यातला आवाज आहे, काहींना सांगितलं की शहरातल्या रस्त्याचा आहे. आवाज तोच, पण मेळ्याचा म्हणून ऐकणाऱ्यांना तो जास्त गोड वाटला. आपलंही असंच असतं. आपल्या गल्लीचा ढोल ऐकावासा वाटतो आणि दुसऱ्याचा डीजे डोकं उठवतो. म्हणून मंडपाशेजारच्या घरात बाळंतीण असेल, आजारी माणूस असेल, परीक्षेचं लेकरू असेल, तर आपल्याला गोड लागणारा आवाज त्यांनाही गोड लागत असेल असं धरून चालू नका. त्यांना जाऊन विचारा.

येळवशीचं उदाहरण

आपल्या लातूर-धाराशिवकडं समजवायला सगळ्यात सोपं उदाहरण म्हणजे येळवस, वेळ अमावस्या. मार्गशीर्ष अमावस्येला सगळं गाव रानात जातं. कडब्याची कोपी, चुन्यानं रंगवलेले पांडव, भज्जी, उंडे, खीर आणि आंबील. त्या दिवशी स्टेज नसतं, माईक नसतो, प्रमुख पाहुणे नसतात. वाटेनं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही "या, जेवून जा" म्हणून हाक मारतात. गावात कुत्रं दिसत नाही इतकं गाव ओस पडतं, तरी कुणाला निरोप द्यावा लागत नाही की दंड लावावा लागत नाही.

मी बायकांना विचारलं, कुठल्या सणाला सगळ्यात जास्त मजा येते? बऱ्याच जणींचं उत्तर येळवस हेच होतं. कारण विचारलं तर म्हणाल्या, "तिथं समदेच यजमान आन् समदेच पाहुणे."

पण इथंही दुसरा प्रश्न विचारायलाच पाहिजे. भज्जीसाठी शेंगा सोलायला आदल्या दिवशी कोण बसलं? पहाटे तीनला चूल कुणी पेटवली? आंबिलीची बिंदगी डोक्यावर घेऊन कोण चालत गेलं? एक वहिनी मला म्हणाल्या, "मजा येती ताई, पण माझी मजा दुपारी दोनला सुरू होती. बाकीच्यांची सकाळीच." एकाच सणात एकाच घरात मजा सारखी वाटली जात नाही. सण चांगलाच आहे. काम वाटून घेतलं की वहिनींची मजाही सकाळीच सुरू होईल.

ज्या येत नाहीत त्यांचं काय?

आता थोडं अवघड बोलायचं आहे. आपण किल्लारीची माणसं आहोत, म्हणून ते बोलायलाच पाहिजे.

२९ सप्टेंबर १९९३ ला अनंत चतुर्दशी होती. मिरवणुका झाल्या, गणपतीचं विसर्जन झालं, लोक दमून घरी येऊन झोपले. आणि ३० सप्टेंबरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यात हजारो माणसं गेली. पुढं ५२ गावं नव्या जागी वसवावी लागली. मी त्यानंतर जन्मले. मला हे ऐकून माहीत आहे. तुमच्यातल्या कितीतरी जणींनी ते अंगावर काढलं आहे.

आमच्या एका गटात साठी ओलांडलेल्या एक मावशी आहेत. बचतीत कधी खंड नाही, पण विसर्जनाला त्या कधीच येत नाहीत. मिरवणूक दारावरून जाते तेव्हा त्या दार लावून आत बसतात. पहिल्या वर्षी मला काही माहीत नव्हतं. मी दार वाजवून म्हणाले, "मावशी, चला की, मजा येईल."

त्या म्हणाल्या, "तुला मजा दिसती माय. मला ती रात दिसती."

नंतर एकदा त्या आपणहून बोलल्या. त्या दिवशी त्या मिरवणुकीत लेकराला कडेवर घेऊन फिरल्या होत्या. "लई हसलो व्हतो त्या दिशी. इतकं हसू ने म्हणत्यात."

तेव्हा मला काय बोलावं सुचलं नाही. मी त्यांचा हात धरून बसले. पण ते वाक्य फक्त त्यांच्या एकटीच्या मनात नसेल असं मला वाटतं, म्हणून आज लिहिते. भूकंप जमिनीखालच्या खडकामुळं होतो. खडकावर वर्षानुवर्षं ताण साठतो आणि एका क्षणी तो सरकतो. वर माणसं हसतात की रडतात, याच्याशी त्याचा काही संबंध नाही. माणसं गेली ती दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदाचं ओझं अंगावर आल्यामुळं. विसर्जन नसतं तरी पहाटे चारला गाव झोपेतच असतं. त्या दिवशी ज्या हसल्या, त्यांनी काहीही चूक केली नाही. लेकराला कडेवर घेऊन मिरवणूक दाखवली, हे तर त्या लेकराला मिळालेलं सुख आहे.

याच मावशी ३० सप्टेंबरला सकाळी स्मृतिस्तंभापाशी मात्र न चुकता जातात. तिथं गाणी नाहीत, जेवण नाही, मजा तर नाहीच. मग का जातात? मी विचारलं. म्हणाल्या, "तिथं रडलं तर कुणी का म्हणून इचारीत नाही."

म्हणजे माणसं एकत्र येतात ती फक्त मजेसाठी नाही. जमून आल्यावर मन हलकं होणं, हेही काहीतरी मिळणंच आहे. म्हणून दुसरा प्रश्न मी आता थोडा बदलला आहे. "मजा किती आली?" यासोबत "हलकं किती वाटलं?" असंही विचारते.

न येणाऱ्या दुसऱ्या मैत्रिणी म्हणजे आपल्या विधवा बहिणी. त्या बैठकीला येतात, कर्ज फेडतात, अध्यक्ष-सचिवही होतात. पण संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्यांची जागा रिकामी असते. आपण म्हणतो, "त्यांना आवड नाही." आवड नाही की बोलावणं नाही? कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य शासनानं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. एक गाव ठराव करू शकतं, तर दहा-बारा जणींच्या गटाला काय अवघड आहे? वाण सगळ्यांना सारखं, फूल सगळ्यांना सारखं, कुंकू ज्या-त्या बाईच्या मर्जीवर.

तिसऱ्या, कामामुळं न येणाऱ्या. सोयाबीनच्या काढणीत मेळावा ठेवला तर मजुरी बुडते. बुडालेली मजुरी ही तिची वर्गणीच झाली, फक्त पावती मिळत नाही.

म्हणून जी आली नाही तिला लगेच आळशी म्हणू नका. आधी विचारा. आणि विचारल्यावर तिला सांगायचं नसेल तर गप्प राहण्याचाही हक्क द्या.

बैठकीत करायचं काम: चिंचोक्यांचं मतदान

यासाठी अर्धा तास लागतो. लिहिता-वाचता येणं गरजेचं नाही.

१. मागच्या वर्षातले तीन कार्यक्रम निवडा. उदाहरणार्थ ८ मार्च, येळवस, हळदीकुंकू.

२. पहिली फेरी "का गेले" याची. जमिनीवर सहा वाट्या ठेवा. एकेका वाटीत खूण ठेवा: देवासाठी फूल, व्यवहारासाठी सुपारी, बाहेर पडण्यासाठी चप्पल, माणसं भेटण्यासाठी बांगडी, लेकरांसाठी फुगा, हजेरीसाठी पेन. प्रत्येकीनं एका कार्यक्रमासाठी एकच चिंचोका टाकायचा. मग वाट्या मोजा.

३. दुसरी फेरी "किती आवडलं" याची. एका कोपऱ्यात पडदा किंवा साडी बांधा आणि मागं एक डबा ठेवा. प्रत्येकीला दहा चिंचोके द्या. खूप आवडलं तर दहाही टाका, काहीच नाही तर एकही टाकू नका. उरलेले दुसऱ्या डब्यात, म्हणजे कुणी किती टाकले ते कळणार नाही.

४. डब्यातले चिंचोके मोजून बायकांच्या संख्येनं भागा. समजा बारा जणी आहेत आणि डब्यात ५४ चिंचोके निघाले, तर ५४ भागिले १२ म्हणजे साडेचार. त्या कार्यक्रमाला दहापैकी साडेचार.

५. तिन्ही कार्यक्रमांचे आकडे शेजारी लिहा. मग गोल बसून बोला: जास्त मिळाले तिथं काय होतं? कमी मिळाले तिथं मजा कशानं गेली?

६. अध्यक्ष, सचिव आणि माझ्यासारख्या मॅडमनी सगळ्यात शेवटी बोलायचं. आधी आम्ही बोललो की बाकीच्या "व्हय, व्हय" म्हणतात आणि खरं डब्यातच राहतं.

बोलून झाल्यावर काय ठरवायचं?

आमच्याकडं गटागटांतून पुढं आलेल्या गोष्टी अशा. तुमच्या गावाला लागू पडतील तेवढ्या घ्या.

– दंड बैठकीच्या गैरहजेरीला असावा. सणाला किंवा मेळाव्याला दंड नको.
– तारीख पेरणी-काढणी बघून ठरवावी, आणि वेळ बायकांच्या सोयीची. पाहुण्यांची वाट अर्धा तास, मग कार्यक्रम सुरू.
– आधी बायकांची गाणी, फुगड्या, अनुभव. भाषणं नंतर आणि थोडी.
– जेवणाचं काम पाळीनं, किंवा गावातल्याच एखाद्या गटाला पैसे देऊन. "आपलाच कार्यक्रम आहे" म्हणून कुणाकडून फुकट भाकरी थापून घ्यायच्या नाहीत.
– पाणी, सावली, लघवीची सोय आणि दिवस मावळायच्या आत परतीची गाडी. हे नसेल तर मेळावा पुढं ढकला.
– वर्गणी ऐच्छिक. बचतीच्या किंवा कर्जाच्या रकमेला हात लावायचा नाही. जमा-खर्च बैठकीत वाचायचा.
– रात्री दहानंतर भोंगा बंद. काही ठरावीक दिवशी प्रशासन बारापर्यंत सूट देतं, ती आहे का ते आधी विचारून घ्या.

आणि आपल्या किल्लारी परिसरासाठी एक जास्तीची विनंती. अनंत चतुर्दशी तिथीनं येते, ३० सप्टेंबर तारखेनं. काही वर्षी दोन्ही जवळ येतात, काही वर्षी लांब जातात. पण ज्यांच्या मनात त्या दोन्ही एकाच रात्रीच्या आहेत, त्यांच्यासाठी हे अंतर नसतं. म्हणून मिरवणुकीला न येणाऱ्या मावशीचं दार वाजवू नका. दुसऱ्या दिवशी प्रसाद घेऊन जा आणि थोडा वेळ बसा. ३० तारखेला सकाळी त्या निघाल्या तर गटातल्या एकीनं सोबत जावं. आणि ज्या पोरींना नाचायचंय त्यांना नाचू द्या. त्यांनी घरात बसून राहिल्यानं मावशींचं दुःख कमी होणार नाही.

पुढच्या बैठकीपर्यंत

सुरुवातीचे दोन प्रश्न आठवतात ना? तुम्ही का गेला होता आणि मजा किती आली, ते शेजारच्या मैत्रिणीला सांगा आणि तिचंही ऐका. दोघींची उत्तरं वेगळी आली तर बिघडलं नाही, त्यासाठीच विचारायचं आहे. चिंचोक्यांचे आकडे गटाच्या वहीत लिहून ग्रामसंघाच्या बैठकीत आणा. पुढच्या ८ मार्चचा कार्यक्रम त्यावरूनच ठरवू.

माझ्या त्या जुन्या अहवालात मी आता पेननं एक ओळ वाढवून ठेवली आहे: "उपस्थिती शंभर टक्के. आनंद मोजला नाही."

या वेळी मोजू.

तुमची,
क्षेत्र समन्वयक ताई